हिरडीतलं प्लास्टिक

आमचे शेजारी गंगाधरमामा भेटले की राम राम घालत नाहीत. खिशातून भिंग काढतात आणि म्हणतात, "आ करा, सर."

शिरड शहापूरच्या शाळेत आम्ही बरोबर नोकरी केली. मी शिक्षक, ते प्रयोगशाळेतले शिपाई. निवृत्तीनंतर एक दिवस त्यांनी मोबाईलवर बातमी वाचली : माणसाच्या तोंडात प्लास्टिकचे बारीक कण सापडतात, हिरड्यांच्या आजाराशी त्यांचा संबंध असू शकतो. यातलं 'असू शकतो' मामांनी वाचलंच नाही. तडक माझ्या घरी आले. "सर, चोर सापडला."

मग गावाला उसंत राहिली नाही. हॉटेलवाला प्लास्टिकच्या पिशवीत गरम चहा बांधू लागला की मामा मधे हात घालत. "काहून लोकायच्या हिरड्या सडवून राहिला? किटलीत दे." एका लग्नात तर त्यांनी नवरदेवालाच आ करायला लावलं. त्यानं घाबरून केला. वऱ्हाडाला वाटलं, ही इकडची रीत असेल. नवरदेवाचे दोन काका मागे रांगेत उभे राहिले.

"मामा, भिंगातून दिसतात का हो हे कण?" मी विचारलं.

"न्हाई. लई बारीक हायेत. म्हणून तर बराबर बघावं लागतं."

गेल्या महिन्यात मामींचे दात हलू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. आम्ही त्यांना हिंगोलीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रस्ताभर मामा बाईंना काय काय सांगायचं याची उजळणी करत होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"प्लास्टिकचं अजून पक्कं ठरलेलं नाही, काका. शोध चालू आहे. पण काकू तंबाखूची मिश्री लावतात ना?"

"चाळीस वर्सं झाली," मामी सहज म्हणाल्या.

मामींना आत खुर्चीवर घेतलं, तसे मामा बाहेर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले.

"मिश्री मीच आणून देत होतो, सर. दर बाजाराला. तिनं कधी मागितली न्हाई. तिला आवडती म्हणून." मग म्हणाले, "म्हनलं, प्लास्टिक निघालं तर बरं व्हईल."

आतून मामींचं कण्हणं ऐकू आलं. मामा न विचारता आत गेले. डोक्याशी डॉक्टरीणबाई होत्या, तिथं जागा नव्हती. मी डोकावलो तेव्हा ते मामींचं पाऊल दोन्ही हातांत धरून उभे होते.