मेश्राम काकांनी दिलेला चार्ज

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मेश्राम काकांना दवाखान्यात भरती केलं, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी पलंगाची यादी केली. पलंग एक. चाकं चार, पैकी एक जाम. गादी एक, पायाकडे वीतभर फाटलेली. सलाइनचा स्टँड एक, वाकडा. मग ती यादी त्यांनी नर्सपुढे धरली.

"अंकल, लेट जाइए, डॉक्टर साहब आ रहे हैं."

"पहले साइन. कल आप बोलेंगे चक्का मैंने तोड़ा."

नर्सने सही केली. मगच काका आडवे झाले.

हे मला माहीत आहे कारण त्यांना दवाखान्यात मीच नेलं होतं. लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत आम्ही एकाच घराचे भाडेकरू. ते तळमजल्यावर एकटे, वरच्या मजल्यावर मी आणि माझी मुलगी सई. माझा नवरा हवाई दलात, तेव्हा आसामात. मी सरकारी बँकेत. आम्ही मूळचे साताऱ्याचे, काका भंडाऱ्याचे. त्यामुळे आम्ही दोघंही मराठीच बोलतो, पण एकमेकांच्या मराठीला मनातल्या मनात हसतो. सई दोघांनाही हिंदीतून उत्तरं देते.

काकांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका गोदामात गेली. गोदामाचा माणूस बदलून गेला की चार्ज द्यावा लागतो. नव्या माणसाने एकेक वस्तू पाहायची, जुन्याने दाखवायची, यादीवर दोघांनी सह्या करायच्या. सही होईपर्यंत जुना माणूस सुटत नाही. काका निवृत्त झाले, पण चार्ज सुटला नाही. कोणाचं लग्न झालं, कोणी नवीन गाडी घेतली, कोणाला बाळ झालं, तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच: "चार्ज घेतला का?"

मी सामानाचा ट्रक घेऊन या घरी आले त्या दिवशीही हाच प्रश्न आला. बाहेर हमाल फ्रिज खांद्यावर घेऊन उभे आणि जिन्यात बनियन घातलेला हा उंच, काळासावळा माणूस, हातात टॉर्च.

"जय भीम, ताई. चार्ज घेतला का?"

"कसला चार्ज?"

"घराचा जी! तुमी तं डायरेक्ट सामान लावून राहिल्या. असं कसं चालते?"

फ्रिज खाली ठेवायला लावून त्यांनी तासभर माझ्या तिन्ही खोल्या टॉर्चने पाहिल्या. नळ गळतो. खिडकीचा कडी-कोयंडा नाही. न्हाणीघराचं दार खालून कुजलेलं. भिंतीला ओल, तीन फूट बाय दोन. घरमालक रस्तोगीजी किल्ली द्यायला आले होते, त्यांना यादीवर सही करायला लावली. त्यातच त्यांच्याकडून लिहून घेतलं की दार आणि ओल महिन्याभरात दुरुस्त होईल. हमालांनी त्या तासाचे जास्तीचे पैसे मागितले, ते मी दिले. काकांना मी त्या दिवशी मनात जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

दार पाच वर्षांत दुरुस्त झालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

रस्तोगीजी सत्तरीचे, निशातगंजात राहणारे, अतिशय गोड माणूस. त्यांना कोणालाही वाईट बोलता येत नाही. त्यामुळे वाईट बातमी ते व्हॉट्सॲपवर देतात. मागच्या डिसेंबरात सकाळी सकाळी मला त्यांचा गुलाबाच्या फुलाचा फोटो आला, त्यावर 'सुप्रभात'. त्याच्या खाली मजकूर. बेटा नोएडाहून परत येतोय, घराची गरज आहे, जानेवारीअखेर दोन्ही मजले रिकामे करावेत. घराचं बरंच नुकसान झालेलं असल्यामुळे डिपॉझिटबद्दल नंतर बोलू. शेवटी हात जोडलेले तीन.

सईची बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. जानेवारीत घर बदलायचं म्हणजे ऐन अभ्यासात पोरीला खोक्यांवर बसवायचं, आणि तिची शाळा इथून चालत पाच मिनिटांवर. मला मार्चअखेरपर्यंत हे घर हवं होतं. बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं. करार अकरा महिन्यांचा, तो ऑक्टोबरातच संपलेला. नवा करू करू म्हणत रस्तोगीजींनी केला नव्हता.

मी खाली गेले. काकांनाही तोच गुलाब आला होता.

"आता काय करायचं काका? वकील गाठू?"

"वकील काऊन? घर रिकामं करून मागतात ना? देऊ." त्यांनी कपाटातून यादी काढली. "पण चार्ज देऊनच. अर्धवट चार्ज मी जन्मात दिला नाही."

त्यांनी रस्तोगीजींना फोन लावला. काकांची हिंदी भंडाऱ्याची आहे आणि तिला त्याबद्दल काही संकोच नाही. "रस्तोगीजी, घर खाली कर देते हैं. आप इतवार को आओ, चार्ज ले लो. एक-एक चीज देखके."

पलीकडून खूश आवाज आला. "अरे भाईसाहब, आपने तो दिल ख़ुश कर दिया. ज़रूर आएँगे."

बिचाऱ्यांना वाटलं, एका रविवारचं काम आहे.

पहिल्या रविवारी ते अकराला आले. काकांनी अंगणात तीन खुर्च्या मांडल्या होत्या. चहा झाला, तब्येतीची चौकशी झाली, मग दुसरा चहा. लखनौच्या माणसाला आलेला चहा नाकारता येत नाही आणि यजमान बोलत असताना उठता येत नाही, हे काकांनी इतक्या वर्षांत पुरतं ओळखलं होतं. साडेबाराला यादी उघडली. पहिली नोंद, फाटक. फाटकाचा खालचा बिजागर मूळ यादीत 'गंजलेला' होता, आता 'अति गंजलेला' म्हणायचं का, यावर दीड वाजला. जेवणाची वेळ झाली. रस्तोगीजी उठले.

"बाक़ी अगले इतवार."

"हाव जी," काका म्हणाले.

दुसरा रविवार पाण्याच्या टाकीत गेला. तिसरा जिन्यात. मधले दोन धुक्यामुळे बुडाले. जानेवारी संपला. रस्तोगीजींनी हळूच विचारलं, "भाईसाहब, और कितना है?" काकांनी पानं उलटून दाखवली. "अभी तो बाहर का हुआ. अंदर का बाकी है."

चौथ्या रविवारी दलाल एक कुटुंब घेऊन आला, घर दाखवायला. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. मुलगा नोएडाहून येत नव्हता. घर दीडपट भाड्याने द्यायचं होतं. रस्तोगीजी खुर्चीत अवघडले आणि चहात बघत बसले. मला राग आला होता. मी तोंड उघडणार तोच काकांनी हाताने थांबवलं आणि त्या कुटुंबाकडे वळले.

"आइए, आइए. मैं दिखाता हूँ. मेरे पास लिस्ट है."

दलालाने सुटकेचा श्वास सोडला. इतका मदत करणारा भाडेकरू त्याने पाहिला नसावा. काकांनी त्यांना घर दाखवलं. अगदी खरं खरं दाखवलं. "ये सीलन. तीन फुट बाय दो. बारिश में चार फुट. ये दरवाजा, नीचे से सड़ा. पाँच साल पहले रिपेयर होने वाला था, ये देखिए मालिक का साइन. टंकी का ढक्कन नहीं है, कबूतर आता है. एक बार गिरा भी था." ज्या खिडकीची कडी धड होती, ती धड आहे असंही सांगितलं. मग बाईंकडे वळून प्रेमाने म्हणाले, "बहनजी, चार्ज बराबर लेना."

बहनजींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने दलालाकडे.

पुढच्या दोन रविवारी आणखी दोन पार्ट्या आल्या. त्यांनाही यादी वाचून दाखवण्यात आली. तिसरी पार्टी टाकीपर्यंतही पोचली नाही. त्यानंतर दलालाने रस्तोगीजींचा फोन उचलणं बंद केलं.

सई वर खिडकीत बसून रसायनशास्त्र पाठ करत होती. "मम्मी, अंकल तो कमाल हैं यार," ती म्हणाली. मी म्हटलं, तू पुस्तकात बघ.

मार्चच्या मध्यावर तिचा शेवटचा पेपर झाला. तोपर्यंत आम्ही माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आलो होतो. त्या रविवारी रस्तोगीजी आले ते चष्मा पुसतच. चहा घेतला आणि म्हणाले, "भाईसाहब, मैं हार गया. आप लोग यहीं रहिए."

मी उठून कागद आणला. अशा वेळी गप्पा मारत बसू नये. नवा करार, पुढचे अकरा महिने. भाडं थोडं वाढेल, दीडपट नाही. डिपॉझिटला हात लागणार नाही. दार, ओल, टाकीचं झाकण मालक पावसाळ्याआधी करून देतील. मी लिहीत गेले, ते मान डोलावत गेले. एवढ्यात मला कळलं की रस्तोगीजींनी यादी स्वतःकडे ओढून घेतली आहे.

"जब करवा ही रहे हैं तो नीचे का भी सब एक साथ करवा दें. भाईसाहब का हिस्सा कहाँ है?"

काका एकदम म्हणाले, "ते राहू द्या."

इतक्या रविवारांत त्यांनी कुठलीच नोंद 'राहू द्या' म्हटली नव्हती. रस्तोगीजींनी मागचं पान उघडलं. मराठी असलं तरी लिपी तीच, त्यामुळे ते अडखळत वाचू लागले आणि मग कागद माझ्याकडे दिला. "बेटी, ज़रा देखना, ये क्या लिखा है?"

वर लिहिलं होतं: भाडेकरूकडून झालेले नुकसान. खाली काकांचं गोदामातलं ठसठशीत अक्षर.

स्वयंपाकघरातला ओटा, उजवीकडे टवका उडालेला. कारण, वरवंटा पडला. जबाबदार, सौ. सुमन.

बेडरूमचे दार, वरचा बिजागर ढिला. कारण, दार आपटणे. मी निरोप न देता उशिरा आलो. जबाबदार, सौ. सुमन. त्याखाली बारीक अक्षरात: निम्मा मी.

मागची भिंत, हळदीचा हात, पाच बोटे. कारण, तोल गेला म्हणून भिंत धरली. जबाबदार, सौ. सुमन.

ही शेवटची नोंद होती. सुमनकाकू गेल्या त्याला आम्ही इथे आलो तेव्हाच वर्ष झालं होतं. मी त्यांना कधी पाहिलं नाही. काका त्यांच्याबद्दल कधी बोललेही नाहीत.

मी सगळं हिंदीत सांगितलं, जसं होतं तसं. रस्तोगीजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पुताई करवा देंगे, भाईसाहब. दीवार नई हो जाएगी."

"नहीं," काका म्हणाले. आवाज फाटकाच्या बिजागराबद्दल बोलायचा तसाच, कोरडा. "इसका डिपॉझिट में से काट लो. मगर हाथ मत लगाना."

"काटें किस बात का? घर है, बरता गया है."

"नियम है."

"कैसा नियम? मालिक मैं हूँ, मैं नहीं काटता."

"काटना पड़ेगा!"

दोघं खुर्च्यांतून पुढे सरकून हमरीतुमरीवर आले. भाडेकरू डिपॉझिट कापा म्हणून ओरडतोय आणि मालक कापत नाही म्हणून ओरडतोय, असं भांडण मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. सई जिन्यात येऊन उभी राहिली.

चहा निवत चालला होता. मी यादी घेतली, तिन्ही नोंदींना एक कंस केला आणि समोर लिहिलं: 'संयुक्त पाहणी केली. दुरुस्ती नको.' आधी मी सही केली. मग कागद दोघांच्या मध्ये ठेवला.

रस्तोगीजींनी सही केली. काकांनी खिसे चाचपले. चष्मा सापडेना, तो त्यांच्या नाकावरच होता. सईने पेन त्यांच्या हातात दिलं आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं.