व्हॅनिलाचं आगळ

रत्नागिरीत कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला दाट रस, करणाऱ्या बायका पुष्कळ असतील, पण बाटली नुसती खिडकीशी धरून आगळाचा जोर सांगणारी एकच, असं कमलाकाकूंचं स्वतःबद्दल नम्र मत होतं. रंग काळपट लाल दिसला की आगळ कडक, चमचाभर पुरे. फिकट दिसलं की मिळमिळीत, ओता हवं तेवढं. अख्खी आळी त्यांच्याकडूनच आगळ न्यायची, आणि हे नाव काकू जिवापाड जपत.

अशा बाईने "सानवीच्या वाढदिवसाचा केक यंदा मी करणार" असं थोरल्या जावेला छातीठोकपणे सांगितलं, यात नवल नाही. ही जाऊ म्हणजे मालनवहिनी. त्यांना सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत आळीभर होतं. "बघू हां, जमतोय काय ते," एवढंच त्या म्हणाल्या. काकूंनी त्याच संध्याकाळी बेकरीत सांगितलेला केक रद्द केला.

एरवी लेकीचा केक सून घरीच करायची. पण मनस्विनी बँकेत, त्यात मार्चअखेर, म्हणून यंदा बेकरीत सांगितला होता. वाढदिवसाच्या सकाळी निघताना तिने काकूंना कृती सांगितली. "आणि शेवटी व्हॅनिला घाला. फळीवर दोन बाटल्या आहेत, त्यातली..."

"मला बाटल्या शिकवतेस?" काकू म्हणाल्या. सून स्कूटरवर बसली.

काकूंनी दोन्ही बाटल्या खिडकीशी धरल्या. एक गडद तपकिरी, दुसरी पाण्यासारखी. निकाल तिथेच लागला. तपकिरी कडक, तिच्या वाटेला जायचं नाही. पांढरी मिळमिळीत, तिचा चमचा कुठे पुरणार? काकूंनी सरबताची पळी घेतली आणि काठोकाठ भरून पिठात ओतली.

ओटीवर पेपर वाचणाऱ्या नवऱ्याने, आप्पांनी, मान वर केली. "अगो, उदबत्तीचा पुडा पेटला काय?"

"तुम्ही पेपर वाचा."

थोड्या वेळाने आप्पा आत आले आणि जेवायला बसले. पहिला घास घेऊन थांबले. "बांगडेच तळलेस ना? मग हे आइस्क्रीमसारखे का लागतायत?"

काकूंनी बोट बुडवून पीठ चाखलं. जिभेपासून घशापर्यंत सगळं कडू झालं. मग मात्र त्यांनी सुनेला फोन लावला.

"आई, कुठली बाटली घेतलीत?"

"पांढरी."

"किती?"

"चमचाभर," काकू म्हणाल्या. मग खोटं बोलवेना. "मोठा चमचा. पळी म्हण हवं तर."

पलीकडे मनस्विनीने नोटा मोजायचं मशीन बंद केलं.

"आई, यात रंगावर जायचं नसतं हो. तपकिरी आहे तो शेंगांचा अर्क. सौम्य असतो, त्याचा चमचाभर लागतो. पांढरा तो कारखान्यातला इसेन्स, फार कडक. त्याचे तीन-चार थेंब बस होतात."

काकूंनी फोन ठेवला आणि पदर खोचला. आगळ जास्त झालं तर सोलकढी टाकतो काय आपण? वाढवतो. मग केकही वाढवायचा.

मैदा वाढला, साखर वाढली. मोठं पातेलं भरलं, मग त्याहून मोठं काढलं. आप्पा अंडी आणायला दुकानात इतक्यांदा गेले की दुकानदाराने घरात कार्य आहे का विचारलं. केकचं भांडं भरलं, कुकरचे डबे भरले, शेवटी सांदणं उकडायच्या वाट्याही भरल्या. दुपारभर घरात केक भाजत होते नि उकडत होते, आणि तो वास वाळत घातलेल्या कपड्यांतसुद्धा शिरला.

संध्याकाळी मालनवहिनी दारातच पदर नाकाला लावून थांबल्या. "काय गो कमळे, अत्तर सांडलंस काय?"

"या, बसा," काकू म्हणाल्या.

पाहुणे जमले, सानवीचं औक्षण झालं, फोटो झाले. तासभर त्या घमघमाटात बसून सगळ्यांची नाकं केव्हाच बधिर झाली होती. मग केक कापला. मालनवहिनींनी तुकडा तोंडात घातला. आंब्यापाठोपाठ आगळाचाच हंगाम येणार होता, आणि उद्या आळी काय बोलणार ते त्या एका तोंडावर होतं.

"मऊ झालाय हां," वहिनी म्हणाल्या. "पण व्हॅनिला घालायला विसरलीस ना?"

मनस्विनीला ठसका लागला. आप्पा काही बोलणार होते, काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. विसराळू म्हणाले तर म्हणोत, वयच झालंय. पण जोर ओळखता येत नाही म्हणाले, तर आगळ कोण नेणार?

"होय हो वहिनी," काकू म्हणाल्या, "राहूनच गेलं बघा." आणि वहिनी निघाल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत कुकरचा अख्खा डबा घातला.