ऊनाच्या चहावरचा तवंग

"आपल्याला तवंग, आणि डोंगरवाल्यांना सोनं!" समुद्रकाठच्या गॅनेट पॉइंटच्या बोल्स क्लबात कुणीतरी कपात बघत पुटपुटलं. पुटपुटलं हळूच, पण नेमकं ग्लेनिसच्या पाठीमागे. आणि ग्लेनिसच्या शेजारी तिचा नवरा बसलेला. झालं!

डेस्मंड प्राउजने कप खाली ठेवला. छत्तीस वर्षं त्याने बसमध्ये तिकिटं तपासली होती. "नुसत्या बुटांवरून सांगतो, तिकीट काढलंय की नाही," असं तो म्हणे. पण लोक बूट दाखवायच्या आधी तिकीटच पुढे करत, त्यामुळे ही विद्या जगापासून दडून राहिली. निवृत्तीनंतर त्याने कार्ड छापलं: 'खासगी गुप्तहेर. बुद्धी तीक्ष्ण, नजर अभेद्य.' ग्लेनिसने दुरुस्ती सुचवली नाही. गाडी तीच चालवायची. नजर किती अभेद्य आहे ते तिला ठाऊक होतं.

प्रकरण असं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांची ऊना तीस वर्षं क्लबाचा चहा करत आली होती. चहाघराची किल्ली कायम तिच्या गळ्यात. मागच्या महिन्यात बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवण्याचा, अंतिम सामना वर डोंगरात, वांडू हिलच्या क्लबात झाला. ऊनाने इथूनच पत्ती नेली, किटली नेली, आणि तिथे चहा असा काही उतरला की आपले लोक हरल्याचं विसरून तिसरा कप मागत होते. तेव्हापासून कुजबुज सुरू: ऊना शत्रूला फितूर आहे. शनिवारी कमिटी तिची किल्ली काढून घेणार होती.

"लाच!" डेस्मंड म्हणाला. "त्यांच्या बायका जॅम लावून स्कोनचे पाव देतात."

"ऊना जॅम खात नाही. बिया कवळीत अडकतात."

"अस्सं! मग कवळी कुणी बसवून दिली?"

दुसऱ्या दिवशी त्याला चहाघराच्या खिडकीतल्या कुंडीत मेलेलं जिरेनियमचं रोप दिसलं. वर्षातलं तिसरं. "विषप्रयोग," तो कुजबुजला. त्या कुंडीत कोण काय ओततं हे ग्लेनिसला माहीत होतं. तिने स्वतःही ओतलं होतं.

मग साबण आला. पाण्यात विष असेल तर फेस सांगेल, असं डेस्मंडचं म्हणणं. समुद्रापासून डोंगरापर्यंत नऊ घरं, नऊ बरण्या, प्रत्येकीत नळाचं पाणी आणि साबणाचा तुकडा. ग्लेनिस गाडी चालवत होती, डेस्मंड बरणी हलवत होता. किनाऱ्यावर पाणी नासक्या दुधासारखं फुटलं. पुढच्या घरी थोडा फेस. त्याच्या पुढच्या घरी आणखी. वांडू हिलला फेस बरणीतून उसळून त्याच्या टायवर आला.

"उघड आहे! किनाऱ्यावर नकली साबण विकतात."

"डेस्मंड, वडी एकच होती. तू माझ्या पावाच्या सुरीने कापलीस."

तो विचारात पडला. "मग सुरी."

शनिवारी त्याने भिंतीवर फेसाचा नकाशा लावला आणि चाळीस मिनिटं सुरीवर बोलला. ऊना दाराशी उभी होती. तिने किल्ली आधीच गळ्यातून काढून मुठीत धरली होती.

"अरे, हा तर माझ्या शाम्पूचा नकाशा!" मागून रेलीन ओरडली. तिची दोन सलून होती, एक इथे, एक वांडू हिलला. "इथल्या डोक्याला दोनदा लावते, तिथल्याला अर्धाच पुरतो. आपलं पाणी बोअरचं, चुनखडीतून येतं. त्यांचं धरणातलं, पावसाचं. जड पाण्यात चहा असाच मरतो, वर तवंग धरतो. घरच्या किटलीत कधी डोकावलात की नाही?"

सगळेच डोकावले होते. सगळ्यांच्याच किटल्या आतून पांढऱ्या होत्या.

"सुरीचा मुद्दा मात्र..." डेस्मंडने सुरुवात केली. ग्लेनिसने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"म्हणजे मी फितूर नाही," ऊना म्हणाली. मग तिच्या कपाळावर आठी आली. "पण पाणी काय या वर्षी बदललं? तुम्ही तर रोज म्हणायचात, झकास झालाय, ऊना."

अध्यक्ष क्लॅरी हातातल्या लॅमिंग्टन केकवरचं खोबरं मोजू लागला. बाकीचे जिरेनियमकडे बघत होते. ऊनाही बघू लागली. कुंडीकडे, मग एकेकाच्या तोंडाकडे. तिने किल्ली टेबलावर ठेवली.

ग्लेनिस उठली. किल्ली उचलून तिने ती पुन्हा ऊनाच्या गळ्यात घातली.

"तुझा चहा पहिल्या दिवसापासून भिकार आहे गं, ऊना," ती म्हणाली. "तीस वर्षांत आम्ही चहासाठी आलोच नाही कधी."