राठोड सिस्टरच्या वॉर्डातले रिकामे हात

आमच्या दवाखान्यात ड्युटीवर आलेल्या बाईला राठोड सिस्टर नमस्कार करत नाहीत. स्टीलचा डबा पुढे करतात आणि म्हणतात, "बांगड्या." बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, नवसाचा दोरा, सगळं त्यात काढायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच बाळंतिणींच्या वॉर्डात पाऊल टाकायचं. मी लॅबमध्ये असते, पण रक्त घ्यायला तिथे जावंच लागतं. त्यामुळे माझ्या बांगड्यांचा निम्मा संसार त्या डब्यातच झाला.

"बांगडीखाली साबन पोचत नाई वं, जंतू पोचते," हे त्यांचं वेदवाक्य. एकदा पाहणीला आलेले मोठे साहेब शनीची अंगठी काढेनात. म्हणाले, साडेसाती चालू आहे. "मंग ते साडेसाती ह्या लेकरांले कायले देता?" असं म्हणत सिस्टरनी साबण लावून अंगठी उतरवलीच. साहेबांनी पाहणी लवकर आटोपली.

आता बाईचे हात रिकामे दिसले की आमच्याकडे लोक एकच अर्थ काढतात. एका नव्या नर्सची सासू तर वॉर्डाच्या दारात येऊन भांडून गेली. खुद्द सिस्टरना बाळंतिणींच्या आया हळहळून विचारायच्या, "कधी वारले बाई तुमचे मालक?" सिस्टर थंडपणे सांगायच्या, "बांगड्या डब्यात हायेत अन् मालक घरी हायेत. दोन्ही साबूत."

मागच्या उन्हाळ्यात मालक खरंच गेले. छातीत कळ आली आणि यवतमाळला न्यायलाही वेळ मिळाला नाही. दिवसकार्य उरकून सिस्टर कामावर आल्या, त्या एका नर्स पोरीचं बांगडी राहिलेलं मनगट धरूनच. "हे काय हाये?"

थोड्याच दिवसांत बाभुळगावकडची एक आजी सुनेला घेऊन आली. इथली एक सिस्टर नुकतीच विधवा झाली आहे, हे कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. तिने दारातच बजावलं, "माह्या सुनेच्या लेकराले तिनं हात नाई लावला पाह्यजे." आणि ती आमचे हात निरखू लागली. सगळ्यांचेच हात उघडे, मंगळसूत्रं गाऊनच्या आत, टोप्या भुवयांपर्यंत, तोंडाला मास्क. "कोन हाये ते?"

सिस्टर माझ्या शेजारीच उभ्या होत्या. बाळंतपणं हाच त्यांचा उरलेला संसार, तिथूनही त्यांना बाजूला सारलं तर? शेवटी त्याच म्हणाल्या, "कोनीही असो आजी. तुमी हात धुतले का?"

मुलगी झाली. सिस्टरच्याच हातांत आली. त्यांनी पुसून, गुंडाळून ती आजीकडे दिली, अर्थात आजीचे हात धुऊन घेतल्यावर. आजी हरखली. सिस्टरवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडत म्हणाली, "तुहं कुकू जलमभर राहो, माय." सिस्टर खाली वाकून तिच्या पाया पडल्या.

नंतर मी बेसिनपाशी गेले तर त्या हात धूत उभ्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "वॉर्डातली गंमत रोज घरी जाऊन त्यांले सांगत होती मी. ते पोट धरून हासत. आजची कोनाले सांगू वं?"

त्या संध्याकाळी मी माझ्या घरी न जाता त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा टाकला, आणि मी वॉर्डात नव्हतेच असं समजून सगळी गोष्ट मला पहिल्यापासून सांगितली.