कॅप्टन दुर्गे यांची साठी

घराला कुलूप लावण्याआधी कॅप्टन दुर्गे भिंतीपलीकडून मोठ्याने विचारतात, "गॅस?"

हा प्रश्न मला असतो. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या अंगणाकडे उघडते. मी उठतो, खिडकीतून शेगडीचे बटण पाहतो आणि "बंद" म्हणतो. मग पंखा, मग मागचे दार. तिन्ही उत्तरे मिळाली की कुलूप लागते आणि स्कूटर सुरू होते. एकदा मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता "बंद" म्हणालो. कुलूप लागल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने भिंतीवर पांढऱ्या मिशा दिसल्या.

"भाऊ, पाहून सांगा. न पाहता सांगतलं का विमान पडते."

चंद्रपुरातल्या आमच्या गल्लीत आजवर विमान पडलेले नाही. तरी मी उठून पाहिले.

दुर्गे खरोखरचे कॅप्टन. वडील गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत डंपर चालवायचे, मुलगा एका खासगी कंपनीचे विमान चालवू लागला. सुट्टी लागली की ते नागपूरला उतरून थेट चंद्रपूर गाठत; पत्नी वत्सला वारल्यावरही हा नेम मोडला नाही. विमानात उड्डाणाआधी एकाने विचारायचे, दुसऱ्याने पाहून सांगायचे, अशी पद्धत असते. स्वतःच्या प्रश्नाला स्वतः उत्तर द्यायचे नाही. कॅप्टननी हा नियम जमिनीवरही लागू केला होता. पुतण्याच्या वरातीत त्यांनी घोडीवाल्याला लगाम, रिकीब, पट्टा असे क्रमाने विचारले. घोडी रोज हेच काम करते, असे घोडीवाला वैतागून म्हणाला. "विमानबी रोजच उडते," कॅप्टन म्हणाले, आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांनी वरात हलू दिली नाही.

वैमानिकांच्या संघटनेने कंपनीशी नव्या कराराची बोलणी सुरू केली, तेव्हा कॅप्टन वाटाघाटी समितीवर होते. वाद निवृत्तीच्या वयाचा होता. कायद्याने पासष्टपर्यंत विमान चालवता येते, कंपनी साठीलाच घरी पाठवत होती. कॅप्टनची साठी येत्या हिवाळ्यात होती. करार त्याआधी लागू झाला तर आणखी पाच वर्षे आकाश, नाहीतर कायमचे चंद्रपूर.

घरात नेटवर्क नसल्याने बैठका अंगणात होत. मोगऱ्याच्या कुंडीला टेकवलेला मोबाईल, त्यात आठ-दहा चेहरे, समोर खुर्चीत बनियनवर कॅप्टन. पहिल्या बैठकीत कोणीतरी हटकल्यावर त्यांनी बनियनवर गणवेशाचा शर्ट चढवला. खाली लुंगी तशीच राहिली. भिंतीअलीकडे बसून मला सगळा तपशील कळत गेला. कंपनीपेक्षा तरुण वैमानिकांचाच विरोध जास्त होता. म्हातारे कॅप्टनच्या डाव्या खुर्चीतून उठलेच नाहीत तर आम्ही कॅप्टन कधी होणार, असे एकाने तोंडावर विचारले. कॅप्टननी मोबाईलचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पोट्टं बराबर बोलून राह्यलं. हाच तं तरास आहे."

कायद्यातले एक कलम मात्र त्यांना फार आवडे. ते त्यांनी मला, पानठेलेवाल्याला आणि दूधवाल्याला वेगवेगळे समजावून सांगितले होते. "साठीनंतर उडवाचं असन तं बाजूले साठीच्या आतलाच माणूस पायजे. एकट्याले सोडतच नाई. काय कायदा आहे."

शेवटची बैठक भर दुपारी झाली. कंपनीने पासष्ट मान्य केले, तरुणांच्या बढत्या अडणार नाहीत असेही लिहून दिले. अट एकच होती. करार एप्रिलपासून लागू होईल आणि तेव्हा नोकरीत असलेल्यांनाच मिळेल. कॅप्टन त्याआधीच साठीचे होणार होते. सहकारी म्हणाले, तुमच्यासाठी अडून बसू, बोलणी मोडली तरी चालेल. कॅप्टननी मोगऱ्याची दोन वाळकी पाने तोडली.

"माह्यासाठी थांबू नका," ते म्हणाले. "सही करा."

मोबाईल खिशात टाकून ते झाडांना पाणी घालू लागले. मी भिंतीशी जाऊन विचारले, काऊन? ते म्हणाले, त्या पोट्ट्यालेबी एक दिवस साठ लागतीनच.

हिवाळ्यात ते निवृत्त झाले. शेवटच्या उड्डाणानंतर अग्निशमन दलाच्या गाड्यांनी विमानावर पाण्याच्या कमानी धरल्या. सत्कार चांगला झाला, पण कॉकपिटची खिडकी लागली का ते आधी कोणी विचारले नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

पुढे एका रविवारी आमच्याकडे पाहुणे आले आणि भाजी शेगडीवर असतानाच सिलिंडर संपला. मी कॅप्टनकडे धावलो. घेऊन जा, ते बाहेरूनच म्हणाले. मी ओट्याखाली वाकलो, दोन्ही हातांनी जोर लावून सिलिंडर उचलला आणि त्याच्यासकट मागे बसलो. सिलिंडर पूर्ण रिकामा होता. शेगडी कोरी होती. ओट्यावर खानावळीचा डबा होता.

कॅप्टन दारात उभे होते.

"वत्सला गेली तवापासून डबाच येते," ते म्हणाले. "टाकी कवा सरली, मालूमबी नाई. आपण काही पेटवत नाई."

मग रोज गॅस कशाला विचारता, असे मी विचारले. त्यांनी मला हात देऊन उठवले.

"आधी ती सांगे. मी फाटकातून विचारो, ती आतून सांगे, बंद. ती गेल्यावर कुलूप घेऊन उभा राह्यलो. विचारलं. कोणी सांगेच ना." त्यांनी सिलिंडर पुन्हा ओट्याखाली सरकवला. "विमानात तरी बाजूले कोणी राहे."

मग त्यांनी मला वय विचारले. चोपन्न, मी म्हणालो. त्यांनी मनात काही हिशेब केला.

"मंग तुमी बसते कायद्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचा आवाज आला. "गॅस?"

मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले, खिडकीशी गेलो आणि शेगडीचे बटण नीट पाहिले.

"बंद," मी म्हणालो.