पेठे आणि अमेरिकेच्या अटी

इथे आखातात, आमच्या अल बर्शाच्या बिल्डिंगमधले पेठे मिसळीची प्लेट हातात घेतानाही विचारतात, "तर्रीचा क्लॉज काय?" म्हणजे दुसऱ्यांदा मागितली तर मिळणार का. बांधकामाची कंत्राटं वाचून त्यातल्या खाचाखोचा काढणं हा त्यांचा धंदा. कुणी "इन्शाल्ला, उद्या करतो" म्हटलं की पेठे खिशातून पेन काढतात. "लेखी द्या, हबीबी."

अशा माणसाच्या हाती मुलीच्या कॉलेजचा सिलॅबस पडला. मुग्धा शारजाला अमेरिकन पद्धतीच्या कॉलेजात, तिथंच हॉस्टेलवर. अकाउंट्स शिकायला गेलेल्या पोरीला पहिल्याच वर्षी अमेरिकेचा इतिहास सक्तीचा. वहिनी आईच्या आजारपणासाठी पुण्यात, त्यामुळे पेठ्यांच्या तावडीत सापडलो मी.

"हे बघा, निबंध उशिरा दिला तर रोज मार्क कापणार. रास अल खोरच्या गोदामाचं काम रखडलं तेव्हा कंत्राटदारालाही आम्ही एवढा दंड लावला नव्हता! आणि शेवटी हळूच काय घातलंय? वेळापत्रक बदलायचा हक्क प्रोफेसरचा. ही अमेरिकन मंडळी इंग्रजांच्या हातून कशी सुटली ते आता कळलं. कागद पक्का!"

यादवी युद्धानंतर 'रिकन्स्ट्रक्शन' असा धडा दिसला तेव्हा गडी भलताच खूश. "हे आपलं खातं!" काही दिवसांनी लिफ्टमध्ये भेटले ते गंभीर. "वाचलं हो. इमारतींचं नाहीच ते. गुलामीतून सुटलेल्यांना हक्क द्यायचे होते. काम अर्धवट टाकून गेले. हँडओव्हरच नाही." मग लिफ्टचं दार धरून, "मुग्धाला काय वाटलं असेल यावर?"

"विचारा की तिलाच."

"विचारलं. 'फाइन' म्हणाली."

मग त्यांनी थेट प्रोफेसरबाईंनाच पत्रातून सिलॅबसच्या अटींवरच्या शंका लिहिल्या. पाठवण्याआधी मला दाखवल्या. इथं लपवत नाही, मला गंमत बघायची होती. "पाठवा पेठे, कंत्राटातल्या शंका लेखी विचारायच्याच असतात," मी म्हटलं.

बाईंचं उत्तर सभ्य होतं: शंका विद्यार्थिनीने ऑफिस अवर्समध्ये येऊन विचाराव्यात. मुग्धाचा फोन तितका सभ्य नव्हता. "बाबा, इट्स माय कोर्स, नॉट युअर टेंडर!" त्यानंतर ती शनिवारी घरी येईनाशी झाली. मी पेठ्यांना टाळायला लागलो. लिफ्ट सोडून जिन्याने.

परवा शनिवारी पाहिलं तर त्यांच्या फ्लॅटचं दार सताड उघडं. आत पेठे, समोर रिकामी खुर्ची.

"एसी सगळा बाहेर चाललाय, पेठे."

"ऑफिस अवर्स," ते म्हणाले. "ही पद्धत मला फार आवडली हो. प्रोफेसर ठरल्या वेळी दार उघडं ठेवून बसतात. ज्याला यायचं त्यानं यावं, अपॉइंटमेंट नको. मुग्धाला मेसेज टाकलाय. दर शनिवारी चार ते पाच. मी एकही प्रश्न विचारणार नाही, असंही लिहिलंय."

"उत्तर आलं?"

"यायची सक्ती विद्यार्थ्यावर नसते. बसायची असते, प्रोफेसरवर."

मला राहवेना. "पेठे, ते पत्र... तुम्हाला मीच चढवलं. मजा म्हणून."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण खाली सही माझी होती ना? मग खलास."

साडेपाचला कचरा टाकायला बाहेर आलो. दार उघडंच होतं.

"पेठे, पाच वाजून गेले."

"शारजाच्या रस्त्याला ट्रॅफिक असतं हो," ते म्हणाले, आणि समोरची खुर्ची जरा सरळ केली.