नानांचा तिसरा रकाना

धुळ्याच्या देवपुरात आमच्या गल्लीत नानांच्या फाटकातून आत गेलेला माणूस मुलाखत दिल्याशिवाय बाहेर पडत नसे. मग तो पोस्टमन असो, गॅसवाला असो, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा असो. भरिताची वांगी विकणाऱ्या मावशी टोपली उतरवायच्या आत नाना विचारत, "तुमच्याकडून एखाद्याला किडकं वांगं गेलंच असेल. तेव्हा तुम्ही काय केलंत?" मावशींनी पुढे पुढे आमच्या ओट्यावरूनच वांगी द्यायला सुरुवात केली आणि नानांच्या पत्नी, आमच्या काकू, कुंपणावरून पिशवी पुढे करायच्या.

दूधवाल्याला मात्र सुटका नव्हती. मापाखाली पातेलं धरून नाना त्याला रोज एकच प्रश्न विचारत. "तुझी सगळ्यात मोठी कमजोरी कोणती?" दोन दिवस तो हसला. तिसऱ्या दिवशी त्याने कॅन खाली ठेवला, मान खाली घातली आणि म्हणाला, "नाना, मी दूधमा पाणी टाकस."

नानांना एवढा आनंद झाला की त्यांनी पातेल्यासकट त्याचा हात हातात घेऊन हलवला. आत वळून ओरडले, "अगं, हा पोऱ्या पास!" काकू म्हणाल्या, पास असो की नापास, उद्यापासून दूध दुसऱ्याकडून. नाना हट्टाला पेटले. ज्याने कबूल केलं त्यालाच काढायचं, तर उद्या कबूल करेल कोण? शेवटी तोच दूधवाला राहिला आणि दूधही तेच राहिलं. त्या घरचा चहा मी पुढे वर्षभर प्यायलो, त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकतो.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. नाना तेव्हा एका सूतगिरणीच्या कामगार कचेरीतून निवृत्त झाले होते. गिरणीत काही बिघडलं, कुणाला लागलं, कुठे नुकसान झालं, की चौकशी व्हायची आणि कामगारांचे जबाब नाना लिहून घ्यायचे. सगळी नोकरी त्यांनी यातच घालवली. "एकही माणूस सरळ सांगत नाही रे," ते म्हणत. "मशीन बंद पडनं, साहेब. धागा तुटना, साहेब. अरे, मशीन काय आपणहून घरी गेलं जेवायला? तू काय करत होतास ते सांग ना!"

यावर त्यांनी एक उपाय काढला होता. लांब कागदावर पट्टीने चार रकाने आखायचे. पहिला, काय चाललं होतं. दुसरा, काय अडलं. तिसरा, तू स्वतः काय केलंस. चौथा, मग काय झालं. तिसरा रकाना बाकीच्यांच्या दुप्पट रुंद असे. "बठ्ठं जग पहिल्या दोनमाच अटकेल शे," म्हणजे सगळं जग तिथेच अडकलंय, असं ते तो रकाना आखताना न चुकता म्हणत.

आता माझं सांगतो. मी नुकताच कॉम्प्युटर इंजिनीअर झालो होतो. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार, अशी तेव्हा हवा होती आणि पुण्यातल्या कंपन्या ते निस्तरायला पोरं गोळा करत होत्या. पहिल्याच कंपनीत लेखी परीक्षा मी सहज पास झालो. मग एका साहेबांनी समोर बसवून विचारलं, "सहकाऱ्याशी कधी वाद झालाय?"

मी म्हणालो, "कधीच नाही सर."

"एखादी मोठी चूक?"

"देवाच्या कृपेने नाही सर."

"कमजोरी?"

मी खूप विचार केल्यासारखं दाखवून म्हणालो, "नाही सर. सुपारीसुद्धा खात नाही."

यात माझा काय दोष? आमच्याकडे चार परके लोक समोर बसून प्रश्न विचारतात तो प्रसंग एकच, स्थळ बघण्याचा. तिथे मुलगा निर्व्यसनी, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असाच असतो. माझ्या मावसभावाला तर पाहुण्यांसमोर भूकसुद्धा नव्हती. साहेबांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "तुमच्यात सुधारण्यासारखं काहीच नाही. आम्ही तुम्हाला काय शिकवणार?" मला ती स्तुती वाटली. धुळ्याला परत येईपर्यंत मी खुशीत होतो. नकाराचं पत्र आठ दिवसांनी आलं.

वडिलांनी एवढंच सांगितलं की आणखी एकदा प्रयत्न कर, नाहीतर मामांच्या पाण्याच्या मोटारींच्या दुकानात बस. मामा मोटारींपेक्षा जास्त आवाज करायचे. दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा मी कॉललेटर घेऊन थेट नानांच्या फाटकातून आत शिरलो.

नानांनी माझी फजिती ऐकली आणि मांडीवर थाप मारली. "अरे पोऱ्या, हा तर जबाब शे! पुण्याचे लोक जबाब घेतात आणि तुम्ही मुलगी बघायला गेल्यासारखे बसता!"

तयारी सुरू झाली. रोज सकाळी नऊला नानांच्या ओट्यावर बोर्ड बसे. बोर्डात नाना आणि काकू. काकू तांदूळ निवडत बसत आणि एका शब्दानेही मुलाखतीत भाग घेत नसत. मी बोलताना त्यांचे हात चालू असले तर ठीक. थांबले, की नाना लगेच म्हणत, "खोटं. पुढचं सांग."

आणि टाय. नानांकडे एक मरून टाय होता. पुतण्याच्या लग्नात एका फोटोवाल्याने त्याची गाठ बांधून दिली होती. ती गाठ सुटली तर पुन्हा बांधणारं गल्लीत कुणी नव्हतं, म्हणून ती गेली सात वर्षं तशीच होती. टाय खुंटीला टांगलेला असे आणि उमेदवाराने तो डोक्यातून घालायचा. आमच्यातला एक मोठ्या डोक्याचा मित्र त्यात कपाळापर्यंत अडकला होता. त्याला काकूंनी खोबरेल तेल लावून सोडवलं.

टाय घालून मी बसलो. नानांनी विचारलं, "तुझ्या हातून झालेली एक चूक सांग."

पहिल्या दिवशी मी म्हणालो, मी फारच मेहनत करतो. काकूंचे हात थांबले. दुसऱ्या दिवशी म्हणालो, मला अपूर्ण काम सहन होत नाही. काकूंनी सूपच खाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी एका मित्राची चूक स्वतःची म्हणून सांगितली आणि चांगली रंगवली. काकू उठून आत निघून गेल्या.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी कंटाळून कॉलेजच्या प्रोजेक्टबद्दल बोलायला लागलो. शिंदखेड्याचा दिलीप आणि मी मिळून ग्रंथालयाच्या पुस्तकांचा प्रोग्रॅम करत होतो. लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे, कारण धुळीने कॉम्प्युटर बिघडतो असं सर सांगत. प्रोजेक्ट द्यायच्या दोन आठवडे आधी दिलीपचं सगळं काम फ्लॉपीवरून उडालं. व्हायरस आला होता.

"कोणी सांगितलं, व्हायरस आला?" नानांनी विचारलं.

"मी."

"कुणाला?"

"दिलीपला. सरांना."

"हां. पहिला रकाना झाला, दुसरा झाला. आता तिसरा. तू काय करत होतास?"

काकूंचे हात थांबलेले होते. मी टाय सैल करायला गेलो आणि गाठीच्या धाकाने हात मागे घेतला. "नाना, व्हायरस नव्हता. मीच जुनी फ्लॉपी त्याच्या नव्या फ्लॉपीवर कॉपी केली आणि त्याचं काम पुसलं गेलं. घाईत. दिलीपने बिचाऱ्याने छापलेल्या कागदांवरून चौदा दिवस सगळं पुन्हा टाइप केलं. आणि सरांनी व्हायरसच्या भीतीने मोजेसुद्धा बाहेर काढायला लावले."

हे मी कुणालाही कधी सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर मला रडू यायला लागलं आणि नाना मात्र खुशीने तिसऱ्या रकान्यात भराभरा लिहीत होते. काकूंचे हात पुन्हा चालू झाले.

"झकास!" नाना म्हणाले. "पण हा जबाब पुण्याला देण्याआधी शिंदखेड्याला दे."

मी गेलो. दिलीप पहिली दहा मिनिटं मला अहिराणीत जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. त्याच्या आईने मध्ये पडून जेवायला वाढलं, तर तो घास तोंडात घेऊनही बोलत होता. संध्याकाळी मात्र मला स्टँडवर सोडायला आला आणि बस सुटताना खिडकीतून ओरडला, "पास व्हयना तर पहिला पेढा मना!"

पुण्याला नानांचा टाय घालून गेलो. तिथे एका बाईंनी मला तोच प्रश्न विचारला. इंग्रजीत विचारला, मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत चारही रकाने सांगितले. व्हायरस म्हणजे मीच, इथपर्यंत आलो तेव्हा त्या हसल्या, आणि शिंदखेड्याचं ऐकल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. नोकरी लागली.

पहिला पेढा दिलीपला देऊन मी पुडा आणि टाय घेऊन नानांकडे गेलो. नानांनी मला टाय घालूनच बसवलं आणि मुलाखतीतला शब्दन् शब्द वदवून घेतला.

"शेवटी काय विचारलं?"

"म्हणाल्या, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?"

नाना थक्क झाले. इतक्या जबाबांत त्यांनी हा प्रश्न कुणालाही विचारला नव्हता. "वा! हे चांगलं आहे. मग तुला मला काही विचारायचंय?"

मी गंमत म्हणून आवाज जाड केला. "नाना, तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा."

काकूंचे हात थांबले. अजून तर नाना काही बोललेही नव्हते.

नानांनी हातातला पेढा पुड्यात परत ठेवला. मग त्यांनी सांगितलं. जळगावजवळच्या असोद्याचा वामन म्हणून त्यांचा गिरणीतला दोस्त होता. एकाच खोलीत राहायचे दोघं. एक दिवस पाळी चालू असताना नानांना पत्र आलं की मुलीकडून होकार आहे. ते पत्र दाखवायला त्यांनी वामनला मशीनवरून बाहेर बोलावलं. पाच मिनिटं. तेवढ्यात ठिणगी पडली आणि कापसाच्या गासड्या पेटल्या.

"जबाब मीच लिहून घेतला. वामन जागेवर नव्हता, असं लिहिलं. खोटं काय त्यात? नव्हताच. का नव्हता, ते मी लिहिलं नाही. आणि तोही बोलला नाही. म्हणाला, तुझं लग्न ठरतंय, राहू दे." नानांनी कपाळ पुसलं. "त्याला काढून टाकलं. तो असोद्याला गेला, वडिलांबरोबर केळी लावायला लागला."

"नंतर भेटलात?"

"नाही."

काकू सुपाकडे बघत म्हणाल्या, "माझं पत्र होतं ते. एकतीस वर्षं झाली. दर दिवाळीला हे म्हणतात, या वर्षी जाऊन येतो."

मला एकदम फार वाईट वाटलं. आम्हा सगळ्या पोरांकडून आणि त्या दूधवाल्याकडून हा माणूस इतकी वर्षं काय मागत होता, ते मला त्या ओट्यावर कळलं. मी टाय डोक्यातून काढला, त्यांच्या गळ्यात घातला आणि म्हणालो, "नाना, जबाब द्यायला जायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जळगावची बस पकडली. टाय काढा म्हटलं तर ऐकेनात. वाटेत मी त्यांची तयारी घेतली आणि असा वाईट उमेदवार मी जन्मात पाहिला नाही. पहिल्या रकान्यातच गिरणीचा सगळा इतिहास. पारोळा आलं तरी कापूस अजून पिंजून झाला नव्हता. एरंडोलला मी ओरडलो, "नाना, तुम्ही काय केलंत ते सांगा!" तेव्हा ते म्हणाले, "गासड्या पेटल्या..." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. पुढच्या सीटवरची एक म्हातारी वळून मला म्हणाली, त्या बिचाऱ्याला कशाला छळतोस.

असोद्याला घर सापडायला वेळ लागला नाही. वामनराव अंगणात खाटेवर बसून दोरी वळत होते. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. ओळख पटली ते चेहऱ्यावर दिसलं, पण आधी नजर टायवर गेली.

"गयात हे काय बांधलं रे?"

नानांनी गाठ धरली. चार रकाने, बसमधली तयारी, सगळं विसरले. उभ्या उभ्या म्हणाले, "वामन, तुले मी बलायं व्हतं. मी लिखं नही."

वामनरावांनी दोरी बाजूला ठेवली. खाटेवर सरकून त्यांनी नानांना जागा केली. नाना बसले.

"मले काय मालूम नव्हतं?" वामनराव म्हणाले. "पन इतके वर्सं काय करत व्हता रे तू?"

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"तयारी," ते म्हणाले.